दहिवरात चालायचे जोडे

जुने शहर, अकोला
फेब्रुवारी १९६३, माघ सरत आला

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

जावई देवमन याचा पायांवर डोकं ठेवून सविनय जयभीम. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे सत्यवती खुशाल आहे, दोन्ही पोरी खुशाल आहेत आणि मला पडसं झालं आहे. पण घरातले बहुसंख्य खुशाल असल्यामुळे सगळे खुशाल असं लिहायला हरकत नाही. आपला खोकला कसा आहे? सासूबाईंच्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक चालू आहे ना? पेरूच्या झाडाला यंदा कमी पेरू लागले असं आपण लिहिलंत, ते वाचून पोरींनी दोन मिनिटं तोंडं पाडली. मग मोठी म्हणाली, आजोबांनी फांदी तोडली असंल. (तोडली असेल तर कळवू नये. तिच्या नजरेत आपलं स्थान फार वर आहे.)

आपलं पत्र मिळाल्याला आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण विषय मोठा आहे. आपण लिहिता की डॉक्टरांनी आपल्याला थंडीत रोज सकाळी लांबवर चालायला सांगितलं आहे. हे वाचून मी जकात नाक्यावर एकटाच हसलो. ज्या माणसाने उभा जन्म रेल्वेचे रूळ पायी तपासले, बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंतचा एकेक दगड ज्याच्या टाचेने ओळखला, त्याला निवृत्तीनंतर डॉक्टर सांगतो की जरा चालत जा! असो. आपण वडाळी तलावाकडे जाता, गवतावर दहिवर असतं, चपला भिजतात, बोटं बधिर होतात, तेव्हा ‘देवमनराव, तुम्ही नाक्यावर बसता, सगळा माल तुमच्या डोळ्याखालून जातो, तर पाणी आत न घेणारे आणि पायाला न बोचणारे जोडे कोणते घ्यावेत ते कळवा’ असं आपण विचारलंत. मामा, आपण योग्य माणसाला विचारलं. या एका विषयावर सबंध वऱ्हाडात माझ्याइतका अनुभव घेतलेला माणूस नसेल. फक्त तो अनुभव मी आपल्या मुलीच्या पायांवर घेतला, एवढं आधी कबूल करतो.

देवीची लस टोचायच्या कामावर सत्यवती लागली हे आपल्याला ठाऊकच आहे. तिच्या वाट्याला बार्शीटाकळीकडची गावं आली. पहाटे भाकऱ्या थापून ती सकाळच्या मोटारीने बार्शीटाकळीला उतरते, आणि तिथून पुढे मोटारही नाही आणि सडकही नाही. पांदणीने जायचं, वावरांच्या धुऱ्या-बांधांवरून जायचं, नाला आला की उतरायचं. टोचायचा हंगाम नेमका थंडीचा. हरभऱ्यावर आणि तुरीवर एवढं दहिवर असतं की त्यातून माणूस गेला तर मांडीपर्यंत भिजतो. आणि ओलिताच्या वावराशेजारी काळी माती अशी असते की पाय उचलला तर अर्धं वावर सोबत येतं. हे सगळं ती साध्या चपलांवर चालत होती. संध्याकाळी घरी आली की पाय पांढरेफटक, बोटांच्या मध्ये सोललेलं, टाचेला भेगा. मी विचारलं की म्हणायची, “काई नाई, थोडंसं झोंबून राह्यलं.” आपली मुलगी आपल्याला माहीत आहे. तिचं थोडंसं म्हणजे दुसऱ्याचं दवाखान्यात जाण्याइतकं. एकदा मी तिला चुलीजवळ टाचा शेकताना पाहिलं, तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं आणि तिने ओठ दाताखाली धरला होता. त्या दिवशी मी ठरवलं की नवरा म्हणून मी काहीतरी केलं पाहिजे. (नवऱ्याने काहीतरी करायचं ठरवलं की घरावर काय येतं, हे सासूबाई आपल्याला जास्त चांगलं सांगतील.)

पहिला प्रयोग चामड्याच्या जोड्यांचा. बाजारातून चांगले कातडी जोडे आणले, आणि त्यांच्यात पाणी शिरू नये म्हणून ते जवसाच्या तेलात आणि मेणात मुरवायचे असं ठरवलं. ही युक्ती मला कोणी सांगितली नाही, माझी मलाच सुचली, आणि त्याचा मला दोन दिवस अभिमान होता. चुलीवर तेल तापवलं, त्यात मेण सोडलं, त्यात जोडे सोडले. तो वास आपल्याला पत्रातून पाठवता येत नाही. शेजारच्या घरातून विचारणा झाली की काही मेलं आहे का. जोडे मात्र झाले बरं का, अगदी पुरणपोळीसारखे मऊ! पाण्याचा थेंब टाकला की घरंगळून जायचा. सत्यवतीने ते पायात घातले, चार पावलं चालून पाहिली आणि म्हणाली, “नरम हायेत.” तिच्याकडून एवढं ऐकायला मिळालं म्हणजे मला पदकच. सकाळी ती निघाली, आणि तिच्यामागे गल्लीतलं एक कुत्रं निघालं. मोर्णेच्या पुलापर्यंत तीन झाली. मोटारीत ती चढली म्हणून सुटली. पण बार्शीटाकळीची कुत्री ताज्या दमाची होती. एका गावात चावडीच्या ओट्यावर मांडी घालून ती पोरांना टोचत बसली होती, जोडे खाली काढलेले, तेवढ्यात एका कुत्र्याने एक जोडा उचलला आणि ते तुरीत दिसेनासं झालं. संध्याकाळी ती अनवाणी घरी आली. मी विचारलं, एक गेला, मग दुसरा कुठे? तर म्हणते, “त्याच्याच मांगं फेकून देल्ला. एकच नेऊन काय करंल बिचारं?”

दुसऱ्या प्रयोगाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्याचा परिणाम वाईट झाला. मी मेणकापड आणलं, त्याचे गुडघ्यापर्यंत येणारे मोजे स्वतः शिवले (सुई बोटात गेली, पण ते जाऊ द्या) आणि ते चपलांच्या वरून बांधायचे अशी योजना केली. पाणी खरोखर आत गेलं नाही. पण मेणकापड चालताना वाजतं, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. घरात फरशीवर थोडं खरखर वाजलं तेव्हा मला ते भारदस्त वाटलं. थंडीच्या सकाळी ते कडक होतं, आणि तुरीच्या वावरातून चालताना दूरवर खर्रर्र खर्रर्र असा आवाज जातो, जणू काही कोणी पत्र्याची पेटी ओढत आणतो आहे. सावरखेडी म्हणून गाव आहे, तिथल्या पांदणीत समोरून फुलकोबीने भरलेली बंडी येत होती. बैलांनी आपल्या आयुष्यात असं पाऊल ऐकलं नव्हतं. ते बुजले, बंडी धुऱ्यावर चढली, आडवी झाली, आणि सगळी फुलकोबी नाल्यात. बंडी होती तानुबाईची.

तानुबाई म्हणजे कोण हे सांगितलं पाहिजे. सावरखेडीच्या वेशीजवळ तिचा भाजीपाल्याचा मळा आहे. नवरा जाऊन किती वर्षं झाली कोणास ठाऊक. मळा तिने एकटीने धरून ठेवला, मुलं वाढवली, सुना आणल्या, आणि गावातल्या अर्ध्या बाळंतपणांना तीच उशाशी उभी राहिली. त्यामुळे गावात तिचा शब्द म्हणजे शब्द. तिने नाल्यात पडलेल्या कोबीकडे पाहिलं, सत्यवतीच्या मेणकापडी पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुह्या पायात भूत हाये काय वं? माह्ये बैल अजून पिसाळल्यावानी करून राह्यले!” सत्यवतीने नाल्यात उतरून सगळी कोबी काढून दिली, धुऊन दिली, बंडीत रचून दिली. तानुबाईचा राग काही उतरला नाही. ही बाई टोचणारी आहे हे कळल्यावर तर तिने तिथेच सांगितलं की माझ्या गावात एकही लेकरू हिच्यापुढे दंड उघडणार नाही. आणि उघडलाही नाही. सत्यवती त्या गावात पुन्हा गेली, तर दारं लोटलेली. पोरं तुरीत पळाली. एक म्हातारी नातवाला कणगीत घालून वर झाकण ठेवून बसली होती. (सत्यवतीला त्याचा खोकला ऐकू आला. तिने झाकण उघडलं नाही. म्हणाली, जबरीनं टोचलं तं पुढच्या वर्षी विहिरीत लपवतील.)

मामा, मी इथवर गमतीने लिहिलं. पण तेव्हा घरात कोणी हसत नव्हतं. जानेवारीच्या शेवटी बाजाराच्या दिवशी बातमी आली की सावरखेडीपासून थोड्याच अंतरावरच्या एका वस्तीत देवी निघाल्या. एक लेकरू गेलं, दुसऱ्याचे डोळे जाण्याच्या मार्गावर. सत्यवतीने आपली सगळी गावं झपाट्याने उरकत आणली होती. मध्ये राहिलं होतं फक्त सावरखेडी, आणि ते राहिलं माझ्या शिवणकामापायी. ती रात्री पोरींचे दंड चाचपून त्यांच्यावरच्या खुणा पाहायची. तिचं हे पाहणं मला बोलण्यापेक्षा जड गेलं.

म्हणून मी खुशालरावाकडे गेलो. खुशालराव जुन्या मालाचा व्यापारी आहे. त्याच्या वखारीत तुटक्या सायकलींपासून पलटणीच्या तंबूंपर्यंत सगळं असतं. त्याच्याकडे मी गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट पाहून ठेवले होते. ते आवाज करत नव्हते, कुत्र्याला आवडतील असे नव्हते, आणि पाणी जायला त्यांना वरच्या तोंडाशिवाय वाटच नव्हती. खुशालराव म्हणाला, “बाबू, हे घालून मोर्णेत उभे राहा. नदी वली होईन, पाय नाई होनार.” मी म्हटलं, पण हे एखाद्या शिपायाच्या मापाचे दिसतात, आणि माझ्या बायकोचा पाय लहान आहे. तर म्हणतो, “मंग जागा उरली ना! उरलेल्या जागेत कापूस भरा. अकोल्यात ऱ्हाता अन् कापसाची फिकीर करता?” हे मला पटलं. जिनातून सरकी काढलेला स्वच्छ कापूस आणला, बुटांच्या तळाला आणि टाचेला दाबून भरला. सत्यवतीने पाय घातला आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर सुख दिसलं. गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं म्हणाली. चालायला लागली की भपाक भपाक असा आवाज यायचा खरा, पण मी नाक्यासमोर उभ्या असलेल्या बैलांपुढून तिला चालवून खात्री करून घेतली. एकाही बैलाने मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात माघातला पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सत्यवती सावरखेडीला जायला निघाली, आणि मी रजा टाकून सोबत निघालो. बूट कसे चालतात ते पाहायचं असं मी तिला सांगितलं. (खरं कारण हे की ती देवीच्या एवढ्या जवळ एकटी जाते आहे हे मला घरात बसून सहन होईना. आपण तिचे वडील आहात म्हणून लिहितो. नाक्यावर हे कोणाला सांगितलेलं नाही.) मी माझे कचेरीचे जोडे घातले होते. बार्शीटाकळीत उतरल्यापासून पोरं मागे लागली. ओट्यावर बसलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले. मला लाज वाटत होती. सत्यवती मात्र लुगडं सावरून, लसीची पेटी काखेत धरून, असल्या बुटांतच जन्माला आल्यासारखी भपाक भपाक पुढे चालली होती. मामा, मी तिच्या मागून चालत होतो आणि माझ्या मनात आलं की या बाईशी माझं लग्न झालं आहे, हे अजून मला नीटसं खरं वाटत नाही.

सावरखेडीची पांदण पावसाने बंद पडली होती, म्हणून तानुबाईच्या मळ्यातून जाण्यावाचून इलाज नव्हता. मळ्यात तानुबाई स्वतः होती. दांडातून येणारं पाणी फावड्याने एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होती. आम्हाला पाहून तिने तोंड फिरवलं. मी सत्यवतीला म्हटलं, तू थांब, कुठे घट्ट आहे ते मी पाहतो. आणि दुसऱ्याच पावलाला मी गुडघ्यापर्यंत काळ्या मातीत गेलो. जोर करून एक पाय काढला, तो जोड्याशिवाय आला. दुसरा पाय काढायला गेलो, तर बसलोच. सत्यवती मला ओढायला आली. रबरी बूट असे रुतले की हलेनात. पाणी त्यांच्यात शिरत नव्हतं हे खरं, पण माती त्यांना सोडत नव्हती. तिने थोडा वेळ जोर लावला, मग शांतपणे बुटांतून दोन्ही पाय बाहेर काढले, पेटी डोक्यावर ठेवली, अनवाणी येऊन माझा हात धरला आणि मला भुईमुगाच्या झुडपासारखं उपटून धुऱ्यावर ठेवलं. बूट मागे वाफ्यात तसेच ताठ उभे राहिले, जणू काही एखादा शिपाई त्यातून उडून गेला.

आणि तानुबाई हसली. हसली म्हणजे काय, फावड्यावर रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसत हसत वाफ्यात आली, दोन्ही हातांनी पचाक करून एक बूट उपटला, मग दुसरा, आणि उलटसुलट करून पाहू लागली. आत हात घातला. आतला कापूस कोरडा होता. तिचं हसणं थांबलं. म्हणाली, “आतून तं सुका हाये वं हा!”

“घालून तं पाहा, मावशी,” सत्यवती म्हणाली.

तानुबाईने पाय धुतले आणि बूट घातले. तिच्या पायांना ते बरोबर बसले. सगळा जन्म अनवाणी राहून तिचे पाय रुंद झालेले. ती दांडात उतरली. माघाची सकाळ, पाणी असं गार की हात घातला तर हाड दुखावं, आणि ते तिच्या पिंडऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहून चाललं होतं. ती तिथे उभीच राहिली. मग आमच्याकडे न पाहता म्हणाली, “लगीन होऊन या मळ्यात आली तवापासून थंडीच्या दिवसात माह्ये पाय कोरडे नाई राह्यले वं माय. आज राह्यले.”

ती बाहेर आल्यावर सत्यवतीने तिला धुऱ्यावर बसवलं, बूट काढले आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले. तळव्यांना अशा भेगा होत्या की त्यांत नखं मावली असती, काहींतून रक्त येत होतं. सत्यवतीने त्या कोमट पाण्याने धुतल्या (पाणी मी मळ्यातल्या खोपटीत तापवून आणलं, माझा तेवढाच उपयोग), मलम भरलं, जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधल्या. मी मागून खुणा करत होतो की आता बोल, आता लसीचं काढ, लोखंड तापलेलं आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खोपटीत परत जाऊन निखारे फुंकत बसलो. शेवटी तानुबाईच म्हणाली, “तू टोचाले आली ना? मंग बोलत काहून नाईस?”

“तुमच्या भेगा पाहून राह्यली होती,” सत्यवती म्हणाली. “टोचायचं इसरूनच गेली.”

परत येताना मी तिला विचारलं की हे तू मुद्दाम म्हटलंस की काय. ती म्हणाली की नाही, खरंच विसरले होते. मामा, मी असतो तर विसरलो नसतो. आणि म्हणूनच तानुबाईने माझ्यापुढे दंड उघडला नसता.

तिने पदर मागे टाकला आणि दंड पुढे केला. “पयले मले टोच. मले पचलं तं नातवायले.” सत्यवतीने तिला टोचलं. तानुबाई डोळे मिटून बसली, मग एक डोळा उघडून म्हणाली, “झालं? एवढंच? माह्या मळ्यातला बाभळीचा काटा याच्याहून जास्त लागते!” पचायची वाटही तिने पाहिली नाही. बूट पायात चढवून ती भपाक भपाक गावात गेली आणि प्रत्येक दारात उभी राहून तिने नाव घेऊन हाका मारल्या. तानुबाई बूट घालून आली आहे हे पाहायलाच अर्धं गाव बाहेर आलं, आणि बाहेर आलं ते तिने आत जाऊ दिलं नाही. कणगीतला नातूही निघाला. दुपार कलेपर्यंत मी दंड धुऊन देत होतो, रडणाऱ्यांना धरत होतो, आणि एका पहिलवान दिसणाऱ्या गृहस्थाला चक्कर आली तेव्हा त्याला वारा घालत होतो. सत्यवतीचा हात एकदाही थांबला नाही की घाईला आला नाही. प्रत्येक लेकराला ती नाव विचारायची आणि टोचून झाल्यावर त्या नावाने शाबासकी द्यायची. आठवड्याने तिने जाऊन पाहिलं. बहुतेकांना टोचणी छान उठली होती, ज्यांना उठली नाही त्यांना पुन्हा दिली. देवी त्या भागातून फिरून गेल्या, मामा. आजूबाजूच्या वस्त्यांतून वाईट बातम्या आल्या. सावरखेडीत एकही लेकरू आजारी पडलं नाही.

निघताना तानुबाई बूट काढून द्यायला लागली. सत्यवती म्हणाली, “राहू द्या तुमालेच. मी अथी एखाद्या दिवशी येते, तुमी रोज पाण्यात असता.” ते बूट शोधायला, भरायला आणि बैलांसमोरून चालवायला मी जे कष्ट घेतले होते ते सगळे माझ्या तोंडापर्यंत आले होते, पण मी ते गिळले; आणि गिळल्यावर बरंच वाटलं. घरी आम्ही दोघंही अनवाणीच आलो. (माझा एक कचेरीचा जोडा अजून त्या मळ्यात आहे. तानुबाईचा निरोप होता की वाफा मोडला की सापडेल.)

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर. एवढं सगळं झाल्यावर मी सत्यवतीलाच विचारलं की तुला काय हवं ते तूच सांग. हे मी आधी विचारायला हवं होतं असं तिने म्हटलं नाही, नुसती भाकरी उलटली. तिने जाऊन कापडी जोडे आणले, पातळ रबरी तळाचे, पायापेक्षा थोडे मोठे. मी म्हटलं यात तर पाणी शिरेल. ती म्हणाली, “शिरू द्या. शिरलेलं बाहेर बी गेलं पाह्यजे. तुमच्या साऱ्या जोड्यायत ते आत जाऊन मुक्काम करत होतं.” ओल्या वाटेला ती ते कापडी जोडे घालते, गाव आलं की पाय पुसते, पिशवीतून कोरडे लोकरी मोजे आणि चपला काढते. झोपण्यापूर्वी टाचांना तेल आणि मेण. (मेण माझ्याच प्रयोगातलं उरलेलं आहे, म्हणजे अगदीच वाया गेलो नाही.) तिचे पाय आता बरे आहेत. तेव्हा आपणही पाणी अडवणाऱ्या जोड्यांच्या मागे लागू नये. कापडी घ्यावेत, संध्याकाळच्या वेळी मापून घ्यावेत कारण तेव्हा पाय फुगलेला असतो, आणि एक कोरडा मोजा कोटाच्या खिशात ठेवावा.

सासूबाईंना जयभीम. पोरींचे आपणा दोघांना गोड पापे. खोकल्याला जपावं आणि डॉक्टर सांगतो तेवढंच चालावं, बडनेऱ्याला जाऊ नये.

आपला,
देवमन

ता. क. एक लहानशी गोष्ट लिहायची राहिली. लस खात्याचे मोठे डॉक्टरसाहेब परवा जीपमधून नाक्यावर थांबले आणि मला म्हणाले की तुमच्या पत्नीचं नाव आम्ही नागपूरच्या पुढच्या शिक्षणाला सुचवलं आहे. पावसाळा लागला की जायचं, आणि दिवाळीपर्यंत तिकडेच राहायचं. सत्यवतीने त्यांना घरी विचारून सांगते म्हटलं, आणि घरी येऊन मला एक शब्द सांगितला नाही. मामा, ती आमच्यासाठी मन मारते आहे. मी असं होऊ देणार नाही. मी परवानगी द्यायचं ठरवलं आहे. अडचण एकच, पोरींकडे कोण पाहणार. सासूबाई पावसाळ्यापुरत्या इकडे येतील का? या कामावर त्यांचा राग आहे, पोरीच्या जातीने गावोगाव हिंडायचं काय, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा आपण योग्य वेळ पाहून, त्यांचा गुडघा दुखत नसताना, विषय काढावा. हे पत्र मुळात एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा. सत्यवतीला यातलं काही कळवू नये. तिला एकदम सांगून मी चकित करणार आहे.

बाबा, जयभीम. पाकीट चिकटवायले हे माह्याजवळ देऊन गेले, म्हणून वाचलं. डॉक्टरसाहेबायले मी सोमवारीच हो म्हणून आली. आईले त्याच्याही आधी पत्र घातलं होतं, अन् ती येतो म्हणते. तिनं तुमाले अजून सांगतलं नसंल, तुमचा खोकला थांबाची वाट पाहून राह्यली असंल. तुमच्या जावयाले कसं सांगावं तेवढंच माह्यं अडलं होतं. आता अडलं नाई. तुमी जावई-सासरे एकमेकायले परवानगी देऊन टाका, मी कपडे शिवायले टाकते. — सत्यवती